मोजायला निघालेले वेडे

१२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती. सरकारनियुक्त असे एक नवे सभासद बोलायला उठले आणि सरकारचेच आकडे सरकारला वाचून दाखवू लागले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करतं आणि अबकारी करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतं. शाळेत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात १८. शिक्षणखात्यानं इलाख्यातल्या लोकांचे चार गट पाडले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठा आणि त्यांच्यासारख्या मधल्या जाती, आणि शेवटी मागास वर्ग, म्हणजे अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. प्राथमिक शाळेत हजार लोकसंख्येमागं पुढारलेल्यांची मुलं ११९ आणि मागास वर्गाची १८. माध्यमिक शाळेत लाखामागं ३००० आणि १४. कॉलेजच्या रकान्यात मागास वर्गापुढं शून्य.

हे सभासद म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. महाड आपल्याला पाठ आहे. कौन्सिलातलं ते भाषण फारसं कुणाला आठवत नाही. तळ्याचं पाणी आणि शाळेचा पट, दोन्ही एकाच पंधरवड्यात हाती घेणाऱ्या माणसाला ही दोन कामं वेगळी वाटतच नव्हती, असं मला ते भाषण वाचताना दर वेळी जाणवतं.

मला इथं एका वेडेपणाची स्तुती करायची आहे आणि ती शब्दन् शब्द मनापासून करायची आहे. वस्तीत जायचं, माणसं कशी राहतात ते पाहायचं, पोरं शाळेत कुठं बसतात ते विचारायचं, आकडा मांडायचा आणि तो ज्याला नको आहे त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवायचा. व्यवहाराच्या कुठल्याच हिशोबात हे काम बसत नाही. तरी गेली पावणेदोनशे वर्षं महाराष्ट्रात कुणी ना कुणी ते करत आलं आहे, आणि करणाऱ्यांतले पुष्कळसे स्वतः त्या वस्तीतले आहेत, म्हणजे ज्यांना या उद्योगात सर्वांत जास्त गमवावं लागणार होतं असे.

शहाण्या माणसांचं म्हणणं दर पिढीत तेच राहिलं. दलितांची स्थिती वाईट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग पुन्हा विचारायचं काय? विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, सांगणाऱ्याला गावात त्रास होतो, आणि अहवाल शेवटी कपाटात जातो. यातला त्रासाचा मुद्दा खरा आहे आणि कपाटाचाही खरा आहे. पण ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ हा मुद्दा मला कधीच पटला नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या दुःखाचा जाब कुणालाच विचारता येत नाही. अमुक शाळेत अमुक मुलं जेवताना वेगळी बसवली जातात, अमुक जिल्ह्यात शिष्यवृत्तीचे इतके अर्ज इतके महिने पडून आहेत, असं लिहिलं की मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, समाजकल्याण अधिकारी अशी पदं धारण करणारी माणसं समोर उभी राहतात. मोजणाऱ्यांची चीड येते ती यामुळंच.

या वेड्यांच्या रांगेत मी पहिली उभी करीन मुक्ता साळवेला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली ही कोवळ्या वयाची मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’त दोन भागांत छापून आला. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून त्याचा गौरव होतो, तो व्हायलाच हवा. पण तो वस्तीची पाहणी म्हणूनही एकदा वाचावा. जमिनी कुणी बळकावल्या, इमारतींच्या पायात कुणाला गाडलं, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसेल तर थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होतात, त्यात दुखणं उपटलं तर औषधाला पैसे कुठून आणायचे. जमीन, घर, आरोग्य, धर्म, शिक्षण. आजच्या प्रश्नावलीतले बहुतेक विभाग तिनं आपल्याच घरात उभं राहून भरले आहेत. पुढं सव्वाशे-दीडशे वर्षं मोठमोठ्या पाहण्या झाल्या. बाळंतिणीच्या छपराचा प्रश्न त्यातल्या किती जणांना सुचला?

मग जोतीराव. १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देताना त्यांनी दोन साध्या गोष्टी विचारल्या. पैसा कुणाच्या घामाचा आणि शाळा कुणाच्या मुलांसाठी? शेतकऱ्याच्या सारापट्टीतून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी सरळ मांडलं. महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसूच देत नाहीत, आणि त्यांच्यासाठी म्हणून काढलेल्या शाळेचं पाहिलं तर कँपाचा भाग सोडून सबंध पुण्यात अशी शाळा एक, तिचा पट तीसच्या आत. पेशव्यांची राजधानी असलेल्या शहरात तीसही मुलं नाहीत! गव्हर्नराच्या दरबारी मानानं बोलावल्या जाणाऱ्या शहाण्यासुरत्या पुण्याला हा आकडा कधी काढावासा वाटला नव्हता. तो काढला शाळा चालवता चालवता लोकांचा रोष झेललेल्या माणसानं.

आता चाळीसगावची गोष्ट. ती बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीत लिहून ठेवली आहे, आणि संशोधन करायला निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती पहिल्या दिवशी वाचायला द्यावी असं मला वाटतं.

१९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी, सभासदांत आंबेडकर, सोळंकी, ठक्करबाप्पा. समितीचे सभासद जिल्हे वाटून घेऊन फिरत होते. १९२९ च्या ऑक्टोबरात खानदेशातलं काम उरकून आंबेडकर धुळ्याच्या वाटेवरच्या एका गावी निघाले. तिथं सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावचे महार लोक स्टेशनावर आले आणि म्हणाले, परत येताना रात्र आमच्याकडं काढा. परतीच्या गाडीनं ते चाळीसगावला उतरले. मंडळी स्टेशनावर हजर होती, हार घालून झाले, पण निघायचं कुणी नाव काढीना. तासभर गेला. अखेर एक टांगा आला. टांग्यात बसले फक्त आंबेडकर आणि हाकणारा, बाकीचे आडवाटेनं पायी पुढं गेले. थोड्याच अंतरावर टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, तिथं चाक कडेच्या दगडावर आदळलं. आंबेडकर उडून फरशीवर आपटले, घोडा आणि टांगा नदीत गेला. लोकांनी उचलून त्यांना महारवाड्यात नेलं. पायाचं हाड मोडलं होतं.

असं का झालं, हे त्यांना नंतर कळलं. स्टेशनावरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी चालवत नेणं वस्तीला कमीपणाचं वाटत होतं. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्यानं मिळेल, हाकायला मालक येणार नाही. मग वस्तीतल्याच एकानं लगाम हातात घेतला. त्यानं आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता.

या प्रसंगातून जातीचं बळ दिसतं, हे तर आहेच. टांगा हाकून पोट भरणाऱ्या माणसालाही एका बॅरिस्टरापेक्षा स्वतःला वरचा समजता येतं, ही गोष्ट बाबासाहेबांनीच तिथं नोंदवली आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला सरकारनं नेमलेला माणूस स्टेशनावर तासभर बसला होता, स्वतः अस्पृश्य होता, आणि समोर उभी असलेली त्याचीच माणसं त्याच क्षणी घडत असलेली तक्रार त्याच्यापासून लपवत होती. पाहुण्याचा मान राहावा म्हणून. अपमान झालेली माणसं तो सहजासहजी सांगत नाहीत. वस्तीत जाऊन, ‘इथं भेदभाव होतो का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही, सगळं चांगलं आहे,’ आणि चहा येतो. तेच उत्तर लिहून घेऊन परतणाऱ्यांनी कित्येक अहवाल भरले आहेत. ज्याला खरं हवं असेल त्याला पुन्हा जावं लागतं, बसावं लागतं, कामावरून माणसं परततात त्या वेळी जावं लागतं. बाबासाहेबांना ते पाय मोडून कळलं. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली आला आणि त्यानंतर मुंबई सरकारात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खातं उभं राहिलं. आजच्या समाजकल्याण खात्याची मुळं तिथं आहेत.

पाहणी करणाऱ्यांचा मुक्काम कुठं असतो, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. जीप सरपंचाच्या दारात थांबते, जेवण पाटलाच्या वाड्यावर होतं, आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत वस्तीत एक फेरी होते. त्या फेरीत भेटतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं, कारण बाकीचे कामावर असतात. जो रात्री वस्तीत मुक्काम करतो त्याला दुसऱ्या दिवशी गावात कुणी ओळख देत नाही. ही किंमत मोजणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे कागद निराळेच असतात.

बीडसारख्या जिल्ह्यात तर वस्तीत जाऊनही भागत नाही. दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. यात वंजारी आहेत, मराठा आहेत, आणि भूमिहीन मातंग, बौद्ध कुटुंबंही मोठ्या संख्येनं आहेत. त्या महिन्यांत वस्तीत प्रश्नावली घेऊन गेलं की घरांना कुलपं दिसतात आणि त्या घरांच्या नावापुढं रिकामी जागा राहते. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तसंच असतं. मूल कुठं आहे ते पाहायचं तर साखर कारखान्याच्या भागात फडावर जावं लागतं. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन आईबाप उसात शिरलेले असतात, मागं पाचटाच्या कोपीत दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत बसलेली असते. चूल तिची, पाणी तिचं. तिला विचारलं, कितवीत आहेस, तर ती ‘पाचवीत’ म्हणते आणि ते खरंच असतं, कारण आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा नियम असताना पट तिला दर वर्षी वर ढकलत राहिला. पुस्तक वाच म्हटलं की ती मान खाली घालते. फेब्रुवारीत, फडावर, स्वतःच्या खर्चानं जाऊन हे लिहून आणणारा माणूस कुठल्या शहाणपणात बसतो? हंगामी वसतिगृहाची योजना सरकारला करावी लागली ती अशाच लोकांनी ही पोरं पुन्हा पुन्हा दाखवून दिली म्हणून.

पटावर नाव आणि वाचता येत नाही, हा प्रकार फलटणला एका बाईंनी सत्तरच्या दशकातच पकडला होता. मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून मराठीच्या बोलींचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच होऊन राहिल्या, पुढं भारतीय नागरिकत्वही घेतलं. मंगळवार पेठेतली दलित मुलं शाळेत जातात, इयत्ता चढतात, पण त्यांना वाचता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. भाषाशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी त्यावर एखादा निबंध लिहिला असता तर परदेशातल्या विद्यापीठात तो वाहवा मिळवून गेला असता. त्यांनी मुलांना घेऊन वाचन शिकवायला सुरुवात केली. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि मग कमला निंबकर बालभवन. ‘या मुलांच्या घरी शिक्षणाचं वातावरण नाही’ हे जे वाक्य शिक्षकांच्या खोलीत इतक्या सहज म्हटलं जातं, त्या वाक्याला त्या कामानं उत्तर दिलं. मूल तेच, घर तेच. शिकवण्याची रीत बदलली आणि मूल वाचू लागलं.

त्याच फलटणमध्ये बेबीताई कांबळे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून आपल्या समाजाची हकिगत लिहीत होत्या. पुडीच्या कागदावरचा मजकूर वाचत वाचनाची भूक भागवायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वहीत लिहायचं. घरातल्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती वही लपवून ठेवायची, आणि हे एकदोन वर्षं नव्हे, वर्षानुवर्षं. बाईनं लिहिणं हेच घरात खपणारं नव्हतं. बर्नसनबाईंना ते लेखन कळलं, त्यांनी धीर दिला, आणि ‘स्त्री’ मासिकात ते येऊ लागलं. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून आलं. ते आत्मचरित्र म्हणून ओळखलं जातं, पण त्यात ‘मी’ थोडी आणि ‘आम्ही’ फार. महारवाड्यातली घरं, अन्न, देव, बाळंतपणं, सासुरवास, उपासमार हे सगळं बाईनं आतून नोंदवलं आहे, आणि बाबासाहेबांचं बोलणं ऐकून पोरं शाळेत घालायला बायका कशा पुढं सरसावल्या तेही. शिक्षणाबद्दल आईच्या मनात नेमका कशानं निश्चय झाला, हे मला कुठल्या तक्त्यात सापडलेलं नाही, त्या पुस्तकात सापडलं. बेबीताईंनी पुढं निंबोऱ्याला आश्रमशाळाही चालवली.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचाही उल्लेख इथं केलाच पाहिजे. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास कुठं लिहिलेलाच नाही हे लक्षात आल्यावर या दोघी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांचे पत्ते शोधत फिरल्या, नोकरी-संसार सांभाळून, पदरचे पैसे घालून. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आलं. ज्यांना त्या भेटायला गेल्या त्यांतल्या कित्येकींना कुणी आजवर काही विचारलंच नव्हतं. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर विचारायला त्या उरल्या नसत्या. शाळा काढणाऱ्या, वसतिगृहं चालवणाऱ्या, परिषदा भरवणाऱ्या या बायका विद्यापीठांच्या इतिहास विभागांपासून तशा काही दूर राहत नव्हत्या.

अहवाल कपाटात जातो हा जो मुद्दा आहे, त्याच्याकडं वळतो. जातो, हे खरं. इलायापेरुमल समितीचा अहवाल १९६९ चा. दक्षिणेतले दलित खासदार एल. इलायापेरुमल अध्यक्ष होते, आणि देशभरच्या अस्पृश्यतेच्या, शिक्षणाच्या, अत्याचाराच्या नोंदी त्यात होत्या. १९७० साली तो संसदेपुढं आला आणि सरकारनं त्याचं फारसं काही केलं नाही. पण मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या काही तरुण कवी-लेखकांनी त्यातलं वाचलं. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या संतापामागं या अहवालातल्या नोंदीही होत्या. अहवाल लिहिताना तो कोण वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. मंत्री वाचत नाही, तर कधी कधी पोस्टात किंवा बँकेत कारकुनी करणारा, कधी टॅक्सी चालवणारा एखादा कवी वाचतो.

आणि काही अहवाल असे असतात की त्यांच्यानंतर जुनं बोलणं बोलता येत नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदेर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांच्या नावानं २००६ साली ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचं पुस्तक आलं. ११ राज्यांतली ५६५ गावं. कार्यकर्त्यांनी तिथं जाऊन विचारलेले प्रश्न अगदी साधे होते. शाळेत जेवताना दलित मुलं कुठं बसतात? पाणी कुठून पितात? पोस्टमन पत्र घरी आणून देतो का? आरोग्य कर्मचारी उंबऱ्याच्या आत येते का? उत्तर आलं की सुमारे ३८ टक्के सरकारी शाळांत दलित मुलांना जेवायला वेगळं बसवतात आणि सुमारे २० टक्के शाळांत त्यांना इतरांच्या पाण्याला हात लावू देत नाहीत. अस्पृश्यता घटनेनं १९५० सालीच रद्द केली, हे पाठ्यपुस्तकात शिकवायचं आणि त्याच शाळेत दुपारी पंगत दोन ठिकाणी मांडायची. असा प्रश्न मुख्याध्यापकाच्या तोंडावर विचारणारा कार्यकर्ता बहुधा त्याच तालुक्यातला, त्याच वस्तीतला, त्याच शाळेतून शिकलेला असतो. पाहणी संपते आणि तो तिथंच राहतो. त्याच्या धाकट्या भावंडांना त्याच शाळेत जायचं असतं. तरी तो विचारतो.

यातले सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून निघून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, म्हणजे बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या कॉलेजात. शिकलेल्या दलिताला जात आड येत नाही, तो नोकरीच्या बाजारात गुणांवर निवडला जातो, असं बोललं जात होतं. थोरात आणि पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगवेगळी. कुणी उच्चवर्णीय आडनावाचा, कुणी दलित, कुणी मुसलमान. ४,८०८ अर्ज. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत ०.६७ निघालं. २००७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पोरगा इंजिनिअर झाला, आता त्याचं भलं होईल, असं म्हणत कर्ज काढलेल्या बापाला घरी बसून जे कळत होतं आणि सिद्ध करता येत नव्हतं, ते आता सिद्ध झालं होतं.

आजच्या पिढीतले वेडे विद्यापीठांच्या वसतिगृहांत आहेत. घरातला पहिला पदवीधर, आई रोजंदारीवर, बहीण लग्नाची. नातेवाईक सांगतात, बी.एड. कर, पोलीस भरतीची तयारी कर, स्पर्धा परीक्षा दे. सांगणाऱ्यांचं चूक नाही, घर चालवायचं असतं. आणि हा किंवा ही पीएच.डी.ला नाव घालते, विषय घेते ‘अमुक तालुक्यातील मातंग समाजाची शैक्षणिक स्थिती’ असा. मार्गदर्शक म्हणतात, या विषयात आता काय उरलंय? मी सांगतो, सगळं उरलंय. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. त्यातल्या दोनचार जातींवर थोडंफार लिहिलं गेलं. बाकीच्यांच्या वस्त्या, धंदे, मुलींच्या शाळा सुटण्याची वयं यांवर शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. सबंध अनुसूचित जातींचा म्हणून जो साक्षरतेचा एक आकडा छापला जातो, त्याच्या पोटात होलार, मेहतर, ढोर यांची पोरं कुठं आहेत ते दिसत नाही. ते दिसावं म्हणून कुणीतरी आपल्या आयुष्यातली चारपाच वर्षं घालवायला तयार होतं, ही या राज्यानं डोक्यावर घेऊन मिरवावी अशी गोष्ट आहे.

राज्यानं काय केलं ते २०२३ साली आझाद मैदानावर दिसलं. बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, या सरकारी संस्थेच्या फेलोशिपसाठी पात्र ठरलेल्या सगळ्या संशोधकांना फेलोशिप द्या, ही मागणी घेऊन मुलंमुली आठवडेच्या आठवडे तिथं बसली होती. जागा ठरावीक, बाकीच्यांनी परत जावं, असं धोरण होतं. फेलोशिप थांबली की आधी मेसचं बिल थकतं, मग खोलीचं भाडं, मग वस्तीत जायच्या एस.टी.चे पैसे. क्षेत्रकार्य तिथंच थांबतं. दलित संशोधकांचे प्रबंध उशिरा होतात अशी तक्रार करणाऱ्यांनी फेलोशिपचे हप्ते कोणत्या महिन्यात जमा झाले तेही शेजारी मांडावं.

जातनिहाय मोजणीसह जनगणना जाहीर झाली आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ती व्हावी, नीट व्हावी. पण जनगणनेचा प्रगणक पंगत कुठं मांडतात ते विचारणार नाही, कोपीतल्या मुलीला पुस्तक वाचायला सांगणार नाही. ते काम या पोरापोरींनाच करावं लागणार आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. फेलोशिप दर महिन्याला, विषयाची निवड त्यांच्या मर्जीची, आणि क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च वेगळा.

आणि या पोरापोरींना एकच सांगणं. प्रबंध विद्यापीठात सादर झाला की तो उचलून वस्तीत घेऊन जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. फार थोडे असं करतात, कारण यातून मार्क मिळत नाहीत आणि चुका मात्र निघतात. समाजमंदिरात सतरंजी पसरून असं वाचन चाललेलं मी ऐकलं आहे. ‘शाळेपर्यंतचे अंतर अर्धा किलोमीटर’ असं वाक्य आलं आणि मागून एक बाई म्हणाली, पावसाळ्यात वढ्याला पाणी येतं, मग पोरं मळ्यातनं वळसा घालून जात्यात, आन् मळेवाला जाऊ देत न्हाई. वाचणारा मुलगा थांबला, त्यानं समासात ते लिहून घेतलं, आणि किती दिवस पोरं घरी बसतात ते विचारलं. त्यावर बायकांत बराच वाद झाला, कुणी पंधरा दिवस म्हणे, कुणी महिना. मग हजेरीपट बघायचं ठरलं. निघताना त्यांनी त्याच्याकडं दोन प्रती मागितल्या, एक समाजमंदिरात ठेवायला आणि एक ग्रामसभेत घेऊन जायला.